न दिलेला लुकमा

सूड नमाजाच्या रांगेत उभे राहून उगवता येतो का, या प्रश्नाचे उत्तर पुढच्या मजकुरात सापडणार नाही. शिंप्याला त्या पहाटे हा प्रश्न पडलाच नव्हता.

लहानपणी मशिदीतच भरणाऱ्या मदरशात कुराण पाठ करताना तो एका आयतीवर अडला, तेव्हा उस्तादांनी अशी कानशिलात लगावली की डावा कान कायमचा गेला. “जिन्यावरून पडला,” असे त्यांनी बापाला सांगितले. बापाने पोराच्या धांदरटपणाबद्दल उलट उस्तादांचीच माफी मागितली आणि पुढे त्याच समजुतीत डोळे मिटले. शिंपी एका कानाने हाफिज, म्हणजे सारे कुराण तोंडपाठ असलेला, झाला, पण मनात डूख धरून. त्याला माफी नको होती. उस्तादांनी चारचौघांत खरे बोलावे, एवढेच हवे होते.

मशिदीत नमाज पढवणारे इमामही उस्तादच होते; म्हातारपणी त्यांची स्मृती दगा देऊ लागली. इमाम अडखळला की मागे उभा असलेला हाफिज पुढचे शब्द मोठ्याने पुरवतो. याला लुकमा, म्हणजे घास, देणे म्हणतात. मदरशाच्या समितीचे अध्यक्ष असलेल्या सदरसाहेबांनी हे काम शिंप्यावर सोपवले.

त्या पहाटे उस्ताद नेमके अशा जागी अडकले, जिथे सारख्याच शब्दांच्या दोन आयती माणसाला चकवतात. ते भलत्याच कथेत शिरले, मागे आले, पुन्हा तिथेच शिरले. पुढचे शब्द शिंप्याच्या जिभेवर होते. त्याने दात घट्ट आवळले. उस्तादांचा आवाज चिरकत गेला, मान भिजली, आणि शिंपी ती मान डोळे भरून पाहत राहिला. शेवटी पठण अर्धवट टाकून ते रुकूत वाकले.

नमाज संपून सलाम फिरताच ते गरजले, “मुडद्या, झोपला होतास?”

“ऐकू आलं नाही, उस्ताद. कान आपणच फोडलात.”

“कान?” सदरसाहेब चपापले. “अरे, तू तर जिन्यावरून पडला होतास ना?”

“सदरसाहेब, आपल्या मदरशाला जिना आहे कुठं?”

सगळ्यांच्या नजरा त्या बैठ्या, एकमजली इमारतीवर फिरल्या. बापासकट आजवर कोणाच्याच हे ध्यानात आले नव्हते.

उस्तादांचा तोल सुटला. “मारलं! हो, मारलं! मार खाल्ल्याशिवाय कोण हाफिज झालाय? तू झालास तो कोणामुळं?”

शिंप्याने चपला पायात सरकवल्या. हवे ते मिळाले होते, तरी पोटातली आग तसूभरही विझली नव्हती.

घरी सारे ऐकून बायकोने कपाळाला हात लावला. “अहो, अल्लाहच्या घरात सूड उगवलात?”

“मारलंही तिथंच होतं,” तो म्हणाला आणि मशीनवर बसला.

पुढे २००९ साली समितीने मदरशात मुलांवर हात उगारण्यास मनाई केली. उस्ताद २०१२ पर्यंत तिथेच शिकवत होते.