फाटकापासून पाचवी रांग

व्हर्लिन टिपेटने ओरेगनच्या डोंगरांतून चाळीस वर्षं ओंडक्यांचा ट्रक हाकला. पाठीने दगा दिला तेव्हा ट्रक सुटला आणि त्याच हिवाळ्यात बायको गेली. मग तो दिवसभर खिडकीशी बसून राही. त्याला उठवून पुन्हा जंगलात नेलं ते ॲल्डेन क्रूझने. ॲल्डेन शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेला. त्याला नाद ट्रफलचा, म्हणजे फर नावाच्या सूचिपर्णी झाडांच्या मुळांशी जमिनीखाली वाढणाऱ्या, बटाट्यासारख्या दिसणाऱ्या अळंबीचा.

ॲल्डेनने त्याला सगळं शिकवलं. सापडलेली गाठ कापल्याशिवाय तिला नाव द्यायचं नाही. आत संगमरवरासारख्या रेषा दिसल्या तर ट्रफल. छत्रीची आकृती दिसली तर ती विषारी अळंबीची कळी, हात धुऊन टाकायचे. व्हर्लिनची कुत्री टॅन्सी, तिलाही त्यानेच खिशातल्या चीजच्या तुकड्यांवर तयार केलं. कुत्र्याला वास येतो तो पिकलेल्या ट्रफलचाच, म्हणून कच्चा माल जमिनीतच राहतो. काही लोक मात्र दाताळ्याने जमीन ओरबाडतात. त्यात कच्चंपक्कं सगळं वर येतं, मुळंही तुटतात. ॲल्डेन म्हणायचा, "दाताळंवाल्यांना लग्नाआधी बारसं हवं असतं."

गूज क्रीक नावाच्या ओढ्याकाठी एका म्हातारीच्या जुन्या कुरणात पंचवीस वर्षांची फरची झाडं होती. जमिनीला ओरखडाही उठणार नाही, असा शब्द घेऊन तिने एकट्या व्हर्लिनला आत जाऊ दिलं होतं. तिथे नोव्हेंबरात टॅन्सीने एक तपकिरी गाठ उकरली. नुकती पिकायला लागलेली, अननसाचा वास, आत जांभळट रेषा. कुठल्याच पुस्तकात तसं ट्रफल नव्हतं.

ट्रफल काढणारा आपली जागा सख्ख्या भावालाही सांगत नाही. अळंबी शोधणाऱ्यांच्या मंडळाकडे नमुना देताना त्याच्या चिठ्ठीवरही सगळे नुसता जिल्हा लिहितात. व्हर्लिननेही तेवढंच लिहिलं. मंडळाचे नमुने ॲल्डेनच तपासायचा. त्याने मायक्रोस्कोपवरून डोकं उचललं. बीजाणू अजून पुरते तयार नाहीत, एवढ्यावर काही ठरणार नाही, असं तो म्हणाला. मग त्याने चिठ्ठी परत पुढे सरकवली.

"जागा नसली तर हा नुसता बटाटा, व्हर्लिन. माझ्यापासून काय लपवतोस?"

व्हर्लिनला शरम वाटली. त्याने ओढ्याचं नाव लिहिलं, आणि त्याखाली: फाटकापासून पाचवी रांग.

बाकीची पिकायला जानेवारी उजाडणार होता. डिसेंबरात तो सहज चक्कर मारायला गेला, तर पाचव्या रांगेत शेत नांगरल्यासारखी माती वर आलेली. बोटाएवढी मुळं उघडी पडलेली. टॅन्सी नुसतीच इकडून तिकडे हुंगत होती. चोरटे असतील, असं त्याला आधी वाटलं. मग एका बुंध्याशी कच्च्या गाठी दिसल्या. प्रत्येक मधोमध कापलेली, कापलेली बाजू वर, ओळीने मांडलेली. चोर पिशवी भरतो आणि पळतो. कापून बघत बसायची सवय त्याला नसते. व्हर्लिन तिथेच ओल्या मातीत बसला.

ॲल्डेनने दार उघडलं आणि त्याचा चेहरा पाहून काही नाकारलं नाही. आत टेबलावर मेणकागदात गुंडाळलेल्या गाठी होत्या. पुढच्या आठवड्यात विद्यापीठातली माणसं येणार होती, त्यांना दाखवायला चार पिकलेली हवी होती, शोधणारा म्हणून तुझंच नाव घातलंय, असं तो भराभर सांगत राहिला.

"मला विचारलं असतंस," व्हर्लिन म्हणाला.

"तू थांब म्हणाला असतास."

"हो."

"मी एकोणऐंशीचा आहे रे. जानेवारी कुणी पाहिलाय?"

"मग मिळाली का पिकलेली?"

ॲल्डेनने मान हलवली. एकही नाही.

व्हर्लिनने आधी म्हातारीला जाऊन खरं सांगितलं. तिने त्याचं ऐकून घेतलं आणि खड्डे बुजवून झाले की परत येऊ नकोस म्हणाली. दुसऱ्या दिवशी सकाळपासून तो गुडघ्यांवर बसून मुळांवर माती लोटत होता, वर ओंजळीने फरच्या गळलेल्या, सुईसारख्या पानांचा थर घालत होता. पाठ ठणकत होती. दुपारी फाटकापाशी गाडी थांबली. ॲल्डेन फावडं घेऊन उतरला.

"मला थोडं तरी करू दे," तो म्हणाला.

"तू रस्त्यावरच थांब."

ॲल्डेन थांबला. टॅन्सी मात्र त्याला पाहताच शेपूट हलवत धावली आणि फाटकाखालून सरपटत त्याच्या पायाशी जाऊन बसली. त्याने खिशात हात घातला, मग रिकामाच बाहेर काढला. तिला हाक मारावी असं व्हर्लिनला वाटलं. पण तिला काय सांगणार होता तो? तो खाली वाकला आणि पुढच्या मुळावर माती ओढू लागला.