चावडीवरून उतरलेला मामलेदार

सोलापूरहून पुण्याला परतताना मी वाटेत केम स्टेशनावर उतरलो तो निव्वळ भिडेखातर. माझा बालमित्र त्या भागात मामलेदार. “एवढी एक चावडी उरकतो, मग दुपारच्या गाडीत तुला बसवून देतो,” म्हणाला. सरकारी माणसाच्या ‘एवढ्या एका’वर विश्वास ठेवला, ही चूक माझीच.

बैलगाडीनं हाडं खिळखिळी झाली. गावात सरकारी विहीर खणायची होती. पाटलांनी चावडीजवळ फक्की (चुन्याची भुकटी) टाकून जागा आधीच आखून ठेवली होती. कडक भाकरी, शेंगाचटणी, ताक असं झकास जेवण झालं. चावडीवरच्या सगळ्यांनी त्या जागेला माना डोलावल्या. मी घड्याळ काढलं.

“आणखी कुणाला काही सांगायचंय?” मित्रानं विचारलं. समोर लिंबाखाली घागरी घेऊन बायका उभ्या होत्या. बायकांनी चावडी चढायची नाही, हा तिथला रिवाज. तेव्हा हे गृहस्थच खाली उतरले आणि त्यांच्यासमोर मातीत बसले. कोट मळला. मला तर हसूच येत होतं.

एक म्हातारी धनगरीण पदर सावरत म्हणाली, “सायेब, तितं पानी खारं लागंल. शेजारी झिरा (वाळू उकरून केलेला खड्डा) हाय की, त्याला आमची शेरडंबी तोंड लावत न्हाईत. आमच्या वस्तीकडच्या झिऱ्याला गोड पानी हाय.”

“बायकांस्नी काय कळतंय?” पाटील म्हणाले.

“पाणी कोण भरतं, पाटील?” मित्र म्हणाला.

मित्रानं दोन्ही झिऱ्यांचं पाणी मागवलं. आधी स्वतः प्याला, मग तांबे पाटलांपुढे धरले. चावडीजवळच्या पाण्याचा घोट पाटलांनी थुंकून टाकला.

“व्हय, लई खारं हाय,” ते हळूच म्हणाले.

आम्ही सगळे वस्तीवर गेलो. मित्रानं फक्कीची पाटी म्हातारीच्या हातात दिली. “आजी, जागा तुम्हीच आखा.” तिनं वाकून मुठीनं फक्की टाकली. रेघ वाकडी आली, पण ती कुणी सरळ केली नाही. त्या क्षणी मला माझ्या मित्राचा फार अभिमान वाटला.

गाडी चुकलीच. तक्रार करायला मात्र तोंड उघडेना. मीही नगरपालिकेचा सभासद, आणि पेठेतल्या सार्वजनिक नळाची जागा मी ओसरीवर सुपारी कातरत ठरवली होती.

घरी पोचल्यावर आमच्याकडे पाणी भरणाऱ्या गंगूबाईंना विचारलं, “नळ कुठं बसवावा?”

त्यांनी घागर खाली ठेवली, घाम पुसला.

“बारा वर्सं तुमचं पानी भरती, रावसाहेब. आज इचारलंत.”