फौजेच्या बोटीची वाट

माझं सासर वाईचं, माहेर सांगलीजवळच्या नदीकाठच्या गावातलं, आणि दोन्हीकडे कृष्णाच. त्यामुळे माहेरी पाणी येणार हे मला माहेरच्यांच्या आधी कळतं. वाईला घाटाच्या पायऱ्या दिसेनाशा झाल्या, देवळात पाणी शिरलं की मी लगेच आबांना फोन लावते. त्या वर्षीही लावला. आबा म्हणजे माझे वडील. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "शाळा सोडून हवामान खात्यात लागलीस व्हय गं?"

एरवी मी हसले असते. पण आईची मूत्रपिंडं निकामी झाली होती आणि तिला आठवड्यातून दोनदा सांगलीत, विश्रामबागेतल्या दवाखान्यात डायलिसिसला न्यावं लागायचं. एक वेळ जेवण चुकलं तर चालेल, ते चुकून चालणार नव्हतं. मी म्हटलं, पाणी उतरेपर्यंत तिकडंच एखादी खोली घ्या. आबा म्हणाले, बघू. त्यांचं बघू म्हणजे नाही, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. मी ज्या शाळेत शिकवते तिथं रजा टाकली आणि एसटी पकडली. मी गावात शिरले आणि माझ्यामागे रस्ता बुडाला. आईला न्यायला गेलेली मी तिच्याबरोबर आत अडकले.

आबा फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झालेले. आमच्या गावात घराआड एक तरी फौजी निघतो, पण आबांइतका फौजेत उरलेला दुसरा नव्हता. नोकरीत असताना त्यांच्या पलटणीनं कुठल्याशा मुलखात पुरातून माणसं काढली होती. ती हकीकत आम्ही इतक्यांदा ऐकली होती की आई ती भाकरी थापता थापता मध्येच पुरी करायची. आमच्या घरात सरकारला शिवी द्यायची बंदी होती. रस्त्याला खड्डा पडला की आबा ठेकेदाराला झोडायचे, वीज गेली की वायरमनला. सरकार मात्र त्यांच्या लेखी निर्दोष. सरकारला उशीर होतो, कारण सरकारला सगळीकडं बघावं लागतं, असं ते म्हणायचे, आणि माझ्या डोक्यात तिडीक जायची.

डायलिसिसचा एक दिवस हुकला. आईचे पाय सुजले. तिला दिवसाला मोजकंच पाणी प्यायची परवानगी. ते पाणी मी लहान वाटीनं देत होते आणि खाली ओट्यावर नदी चढत होती. ग्रामपंचायतीचा भोंगा सांगत होता की बोटी निघाल्या आहेत, घाबरू नका, घर सोडू नका. त्यानंतर वीज गेली आणि भोंगाही गेला.

त्याच दुपारी आमचे शेजारी चाचा काहील घेऊन दारात आले. गुऱ्हाळात उसाचा रस आटवतात ती भलीमोठी लोखंडी कढई म्हणजे काहील. आमच्याकडे पूर आला की ती पाण्यात सोडतात. मधे माणूस बसवायचं, दोघा पोहणाऱ्यांनी दोन्हीकडून कड धरायची आणि एकानं बांबूनं रेटायचं. चाचांचं नदीकडच्या उतारावरचं गाद्या भरायचं दुकान तोवर छपरापर्यंत बुडालं होतं, सगळा कापूस पाणी पिऊन बसला होता. तरी हे गृहस्थ सकाळपासून लोकांना टेकाडावर पोचवत होते.

"सुभेदार, वैनीला बसवा आत," ते म्हणाले. "पाणी आजून लय वाढायचं हाय. टेकाडावर ट्रॅक्टर हुबा केलाय. तासाभरात इश्रामबाग."

आबा दारातच उभे राहिले. "अरं गड्या, काईलीतनं न्यायला ती काय उसाचा रस हाय व्हय? उलाटली तर? म्या कंट्रोल रूमला रिपोर्ट दिलाय, पेशंट हाय म्हणून सांगितलंय. पेशंटला आधी उचलत्यात, ह्यो नियमच हाय. फौजेची बोट येतीया. तू म्हातारी माणसं आधी ने."

मी भांडले. काहिलीच्या कडेवर पाय ठेवून, चाचांसमोर, आवाज चढवून भांडले. "आबा, तुमच्या पलटणीचं आन् ह्या कंट्रोल रूमवाल्यांचं एक न्हाई. आईला जाऊ द्या. बोट आली तर त्या बोटीतनं तुमी या." आबांनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. शेवटी आईच बोलली. "ते म्हणत्यात तर थांबूया गं. त्यास्नी त्यातलं कळतं."

झालं. चाचांनी एकदा आईकडं पाहिलं आणि काहील वळवली.

लोकांना आता हा निव्वळ हट्ट वाटतो. तो हट्ट नव्हता. आबांनी स्वतः आजारी माणसं आधी उचलली होती, त्यामुळे आपल्यालाही कुणीतरी तसंच उचलणार याबद्दल त्यांच्या मनात शंकाच नव्हती. असं चुकायला आयुष्यभर प्रामाणिकपणे हुकूम पाळलेला माणूस लागतो. बाकीचं बरंचसं गाव त्यामुळंच काहिलीत बसलं आणि आम्ही बसलो नाही.

पाणी घरात आलं, जिन्यावर आलं, आम्ही गच्चीवर ताडपत्री बांधून बसलो. धार इतकी वाढली की काहील आमच्या गल्लीत येणंच बंद झालं. गल्लीतल्या दोन-चार गच्च्यांवर आमच्यासारखीच माणसं उरली होती. आबा फोन लावायचे. पलीकडचा आवाज म्हणायचा, आपली नोंद झालेली आहे, कृपया प्रतीक्षा करा. आबा "जी सर" म्हणून फोन ठेवायचे आणि आम्हाला सांगायचे, "नोंद झालीया." फोनची बॅटरी संपेपर्यंत त्यांनी हेच केलं. डोक्यावरून एक हेलिकॉप्टर गेलं तेव्हा त्यांनी लाल टॉवेल फौजेत शिकवलेल्या पद्धतीनं हलवला. हेलिकॉप्टर सरळ निघून गेलं. मी टॉवेल त्यांच्या हातातून हिसकावून घेतला, कारण ते अजून हलवतच होते.

आईचे हात सुजले आणि बांगड्या मनगटात रुतायला लागल्या. मी फोडते म्हटलं तर तिनं हात पदराखाली घेतला. नवरा समोर बसलेला असताना बांगड्या फोडून घेणार नाही, म्हणाली. मग आबांनी साबणाचा तुकडा शोधला आणि पावसाच्या पाण्यानं एकेक बांगडी ओढून काढली. आई कळवळत होती आणि वर त्यांनाच म्हणत होती, "आवं, हळू. पोरगी बघतीया." मला तिथं रडू फुटलं. रागानंच फुटलं.

आणि मग बोट आली. नारिंगी, मोठी, मशीनची. गच्च्यांवरची सगळी माणसं उठून ओरडायला लागली. बोटीत चार-पाच जण होते, कोरड्या जाकिटातले, त्यातला एक फोटो काढत होता. निम्मी बोट रिकामी. आबा कठड्यावर चढले. "पेशंट हाय! इकडं पेशंट हाय!" आणि ते कळलं नसेल असं वाटून, "साहब, पेशंट है!"

बोटीतून एकानं कर्णा लावला. "ही पाहणीची बोट आहे. बचावाची मागून येत आहे. सहकार्य करा."

शेजारच्या गच्चीवरच्या बाईनं पायातली चप्पल काढून भिरकावली. ती बोटीपर्यंत पोचलीही नाही. दुसऱ्यानं शिव्यांची लाखोली वाहिली. माझ्याही तोंडून असे शब्द गेले की जे मी वर्गात ऐकले तर पोराला बाहेर काढीन. बोट वळली. मी आबांकडं पाहिलं तर त्यांचा उजवा हात कपाळाकडं अर्धा गेलेला, सवयीनं. तो त्यांनी तसाच खाली घेतला. त्या घटकेला मला सरकारचा जेवढा तिरस्कार वाटला तेवढा त्याआधी कधी कशाचाच वाटला नव्हता.

त्यानंतर आईला धाप लागली. आडवं होता येईना, बसवलं तरी श्वास पुरेना. आबा कठडा सोडून तिच्यामागं बसले आणि तिची पाठ स्वतःच्या छातीला टेकवून धरली. मी गच्चीच्या टोकाला जाऊन चाचांच्या नावानं ओरडत राहिले. ते कुठं आहेत हे ठाऊक नव्हतं, ऐकू जाईल याची खात्री नव्हती. दुसरं करण्यासारखं काहीच नव्हतं.

चाचा आले. विजेच्या एका खांबापासून दुसऱ्या खांबाला दोर बांधत, त्या दोराला धरून त्यांनी आणि आणखी दोघांनी काहील गल्लीत आणली. आत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली एक रजई होती, दुकानातली तेवढीच वाचलेली. आबांनी आईला उचललं आणि जिन्यावर कमरेइतक्या पाण्यात उतरून काहिलीत ठेवलं. चाचा एवढंच म्हणाले, "पाय जपून, सुभेदार." आधीच्या दुपारचा शब्दही त्यांनी काढला नाही.

टेकाडाला लागलो तेव्हा रस्त्याकडेला एक ट्रक उभा होता. ट्रकवर ताडपत्री. खाली दोराच्या फटीतून नारिंगी रबर दिसत होतं. आबांनी ताडपत्रीचं टोक उचललं. घडी घातलेल्या बोटी. एकावर एक, मशीनसकट.

ड्रायव्हर केबिनमध्ये बसला होता. आबांनी विचारलं, "ह्या हितं कशापायी?"

"वरनं आर्डर न्हाई," तो म्हणाला. "कुठल्या गावाला उतरवायच्या त्येच ठरंना. मी काल सकाळधरनं हुबा हाय. मलाबी लोकं शिव्या देत्यात."

आबांनी ताडपत्री पुन्हा खाली ओढली आणि सुटलेला दोर नीट गाठ मारून बांधला. मला वाटलं, आता ते त्या माणसाच्या नरडीला धरतील. धरायला हवं होतं.

ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत रजईवर आई, उशाला आबा, पायाशी मी. रस्ता फुटलेला, चिखल, जागोजाग माणसं आणि जनावरं. विश्रामबाग अजून बरीच लांब होती तेव्हा आईनं डोळे उघडले. "आता तरी तांब्याभर पानी दे गं," ती म्हणाली. मी सवयीनं वाटी शोधायला लागले. आबा म्हणाले, "तांब्याच दे तिला." त्यांच्या आवाजावरून मला समजलं. ती दोन घोट प्याली, बाकीचं पाणी हनुवटीवरून रजईवर गेलं. त्याच्यापुढं ती फार वेळ नव्हती.

ट्रॉली ज्या शाळेपाशी थांबली तिथं पूरग्रस्तांची सोय केली होती. आमच्याच गावची माणसं होती, टेकाडावरून आलेली. बातमी क्षणात पसरली. ज्यांनी आतापर्यंत हात जोडून अर्ज-विनंत्या केल्या होत्या त्यांचा तोल सुटला. कुणीतरी म्हणालं, वैनीला अशीच तहसील कचेरीच्या दारात न्यायची. बोटी पाण्यात उतरल्याबिगर उचलायची न्हाई. बायका रडता रडता हो म्हणाल्या. मी तर सगळ्यांच्या आधी हो म्हटलं. गच्च्यांवर अजून माणसं होती. चप्पल फेकणारी बाई होती. आई जिवंतपणी त्यांना हलवू शकली नाही, आता हलवील, असं मला वाटलं, आणि मी खाली उतरून ट्रॅक्टरवाल्याला मशीन सुरू करायला सांगितलं.

आबा ट्रॉलीत उभे राहिले. "न्हाई," ते म्हणाले. "लय वाट बघितली तिनं. आता तिला कुणाच्या दारात थांबवू नगा. सरळ स्मशानात चला."

सगळे मागं सरले. मी सरले नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती आणि समोर सरकार नव्हतं, आबा होते. मी गावासमोर ओरडले, "मग तिला वाट बघायला लावली कुणी? सांगा की! कुणी लावली?"

चाचा माझा हात धरायला पुढं झाले. आबांनी त्यांना थांबवलं. ते खाली वाकले, आईच्या तोंडावरची ओली बट मागं सारली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "म्या."

त्या आख्ख्या पुरात मी हा प्रश्न पुष्कळांना विचारला. फोनवरच्या आवाजाला, शाळेत आलेल्या साहेबांना, नंतर कचेरीत टेबलामागच्या प्रत्येकाला. उत्तर देणारे तेवढे एकटे आबाच.