बोलायला शिकलेल्या आम्ही तिघी

माझी मुलगी जन्मापासून बहिरी. तीन वर्षांची असताना पुण्यात ऑपरेशन करून तिच्या कानाला मशीन बसवलं, आणि मला वाटलं, आता ही बोलेल. पण मशीन फक्त आवाज आत पोचवतं. त्या आवाजाचा अर्थ शिकवावा लागतो. त्यासाठी वालचंदनगरच्या आमच्या क्वार्टरमधून मी आठवड्यातून दोनदा तिला एसटीनं बारामतीच्या वाचा-उपचार केंद्रात न्यायची.

तिथं बाहेरच्या बाकावर मला दोन मैत्रिणी मिळाल्या. एक काटेवाडीची, गोठ्यात आठ-दहा गाई सांभाळणारी. दुसरी पळसदेवची, तिच्या घरचे उजनीच्या पाण्यात मासे धरणारे. दोघींचे मुलगे माझ्या मुलीच्याच वयाचे, त्यांच्याही कानाला मशीन.

शिकवणाऱ्या मॅडमनी आम्हाला एकच काम दिलं होतं. दिवसभर बोलायचं. पोळी लाटताना, केस विंचरताना, हातात जे काम असेल ते उत्तराची वाट न बघता मुलाला सांगत राहायचं. मी बी.ए. झालेली, मला ते सोपं जायला हवं होतं. पण शेजारणी ऐकतील म्हणून मी खिडक्या लावून बोलायची. बाहेर जाताना मशीन दिसू नये म्हणून मुलीचे केस कानावर ओढून घ्यायची. हे मी नवऱ्यालासुद्धा सांगितलं नव्हतं.

एकदा बाकावर डबा खाताना पळसदेवची आपण होऊन म्हणाली, "ताई, मला दोन शब्दाच्या वर बोलायची सवय न्हाय. जाळं ओढताना कोण बोलतंय? आता दिसभर एकटीच बोलती, तर लोक म्हणत्यात हिच्या डोक्यावर परिणाम झालाय."

"मग तुम्ही काय करता?"

"आनखी मोठ्यानं बोलती."

काटेवाडीचीला हसू फुटलं आणि हसता हसताच तिचे डोळे भरले. लग्नाकार्याला निघालं की सासरचे म्हणतात पोराला घरीच ठेव, हे तिनं तेव्हा सांगितलं. मग मीही खिडक्यांचं आणि केसांचं सांगून टाकलं. त्या दिवशी परतीच्या एसटीत मला गाढ झोप लागली. कितीतरी महिन्यांनी.

वर्ष होत आलं. त्या दोघींची मुलं एकेक शब्द बोलू लागली, माझी मुलगी गप्पच. काटेवाडीच्या पोरानं "गाय" म्हटलं तेव्हा मी टाळ्या वाजवल्या आणि पुढच्या आठवड्यापासून जाणंच सोडलं. फोनही उचलेना.

तिसऱ्या आठवड्यात दोघी मुलांना घेऊन माझ्या दारात. पळसदेवची तर एसटी बदलत आलेली. का येत नाही, हे तिनं विचारलंच नाही. सरळ स्वयंपाकघरात बसली, मटारच्या शेंगा पुढं ओढल्या, माझ्या मुलीला समोर घेतलं आणि सुरू झाली. "ही शेंग. शेंग फोडली. आत दाणं हायेत. खायचं? न्हाय? बरं, न्हाय तर न्हाय." शेंगा संपेपर्यंत तिचं तोंड थांबलं नाही. जिला बोलणं मुळातच जड जायचं, ती माझ्या लेकीसाठी घसा कोरडा करत होती. दारात उभी राहून ऐकताना मला माझी लाज वाटली, आणि त्याहून जास्त तिच्याबद्दल आदर.

निघताना म्हणाली, "ती ऐकती हाय. तुमी थांबू नगा."

मी पुन्हा जायला लागले, खिडक्या उघड्या टाकून बोलायला लागले. महिन्याभरानं एका सकाळी मुलीनं दुधाचा पेला बाजूला सारला आणि स्पष्ट म्हणाली, "न्हाय."

आमच्या घरात सगळे 'नाही' म्हणणारे. मी रडत रडतच पळसदेवला फोन लावला. तिनं मला तो शब्द पुन्हा म्हणून दाखवायला लावला. मग म्हणाली, "माझंच उचललं व्हय तिनं."

आता तिन्ही मुलं शाळेत जातात. माझं आणि काटेवाडीचीचं बारामतीला जाणं महिन्यातून एकदा. पळसदेवची मात्र मॅडमच्या विनंतीवरून दर गुरुवारी येते, नव्या आयांजवळ बसायला. मागच्या खेपेला इंदापूरहून आलेली एक तरुण आई मान खाली घालून बसली होती. हिनं तिला काही समजावलं नाही. आपली पाण्याची बाटली काढली आणि तिच्या लेकराला त्या बाटलीबद्दल सांगू लागली. झाकण, निळं झाकण, पाणी, गार पाणी. बऱ्याच वेळानं त्या आईनं लेकराचा हात बाटलीवर ठेवला आणि हळूच म्हणाली, "पाणी."