मावशी न्यूमेरिकल शिकते

माझी मोठी मावशी औषधांच्या दुकानात काम करते. डॉक्टरांची चिठ्ठी कितीही गिचमिड असो, मावशी ती काउंटरवर उभ्या उभ्या वाचते. तिचा नवरा, म्हणजे आमचे काका, विद्यापीठात गणित शिकवायचे. घरात मात्र त्यांच्या गणिताचा कुणालाही त्रास नव्हता. काका दाराशी बूट काढायचे तिथेच गणितही काढून ठेवायचे आणि आत आले की त्यांच्या तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा. शेजाऱ्यांच्या नकला, शब्दांवरच्या कोट्या, चहा गाळता गाळता रचलेली दोन ओळींची वात्रट कविता. मावशी म्हणायची, "यांना गप्प बसवायचं औषध आमच्या दुकानात नाही."

एके दिवशी सकाळी दाढी करताना काका आरशासमोरच कोसळले. जीव वाचला, पायही हळूहळू चालू लागला. उजवा हात लुळा राहिला आणि बोलणं गेलं. म्हणजे आवाज होता, समजत सगळं होतं, पण शब्द सापडत नव्हते. सगळ्या भाषेतून त्यांच्या हाती एकच शब्द उरला होता : "उद्या." पाणी हवं असलं तरी उद्या, खिडकी लावा म्हणायचं असलं तरी उद्या. स्वतःच्या तोंडून तो शब्द आला की ते डोळे मिटून घ्यायचे.

शिकवायला एक स्पीच थेरपिस्ट यायची. मुलगी चांगली होती, चिकाटीची. ती टेबलावर चित्रांची कार्डं मांडायची. मांजर, कप, छत्री. काका छत्रीकडे बघायचे, कपाळावर घाम यायचा आणि शेवटी "उद्या" म्हणायचे. महिना-दोन महिन्यांनी त्यांनी कार्डांकडे बघणंच सोडलं. कुणी भेटायला आलं की आतल्या खोलीत जाऊन बसायचे. आणि मावशी? मावशी त्यांच्या प्रत्येक गोष्टीला हो म्हणू लागली होती. जेवण टाकलं तरी हो, व्यायाम टाळला तरी हो. लहान बाळाशी बोलावं तसं ती त्यांच्याशी बोलायची. माझ्या आईजवळ एकदा म्हणाली, "अगं, मी घरात माणसाशी बोलते की पेशंटशी, तेच मला कळेनासं झालंय."

मग एक दिवस एका कोड्याचं निमित्त झालं. वर्तमानपत्रात आकड्यांचं चौकोनी कोडं येतं, ते मावशी दुपारच्या सुट्टीत सोडवायची. त्या दिवशी राहिलं म्हणून घरी जेवणाच्या टेबलावर घेऊन बसली. काका शेजारी होते. तिने एका चौकोनात सात लिहिला आणि काकांचं डावं बोट येऊन त्या साताच्या डोक्यावर टेकलं. चूक होती. तिने खोडलं. काकांनी तिच्या हातातून पेन्सिल घेतली आणि डाव्या हाताने, वेड्यावाकड्या आकड्यांत, उरलेलं कोडं भरून टाकलं. तेवढ्यावर थांबले नाहीत. वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेला त्यांनी एक चिन्ह काढलं, त्याच्यापुढे कंस, अक्षरं, बरोबरचं चिन्ह. लिहून झाल्यावर त्यांनी मान वर केली आणि मावशीकडे बघत राहिले. कोटी केल्यावर ऐकणारा हसतो का ते बघावं, तसे.

मावशीला ओ की ठो कळलं नाही.

"इतक्या दिवसांनी हा माणूस काहीतरी बोलला," ती आईला सांगत होती, "आणि मला वाचता आलं नाही. अख्ख्या गावातल्या डॉक्टरांचं अक्षर मी वाचते गं!"

थेरपिस्टचं म्हणणं पडलं की मेंदूत शब्दांचं घर वेगळं असतं आणि आकड्यांचं वेगळं, एकाला धक्का बसला तरी दुसरं कधीकधी शाबूत राहतं. त्यांच्या आवडीच्या विषयावर बोलत जा, असं तिने सुचवलं. मावशी म्हणाली, "बोलायला मला तो विषय यायला नको?"

पुढच्याच आठवड्यात ती विद्यापीठात गेली. काकांचा विषय होता न्यूमेरिकल अ‍ॅनालिसिस, आणि त्याचा पहिला कोर्स आता त्यांचीच एक जुनी विद्यार्थिनी शिकवत होती. तिने मावशीला खुर्ची दिली, सरांची चौकशी केली, आणि मावशीला तो कोर्स करायचाय हे नीट ऐकून घेतलं.

"काकू, कॅल्क्युलस येतं का?"

"औषधशास्त्राच्या पहिल्या वर्षाला होतं. तेव्हा येत होतं."

"मग ते आधी घासूनपुसून घ्यावं लागेल. आणि नुसतं बसायला यायचं नाही. गृहपाठ, परीक्षा, सगळं."

"त्यासाठीच तर आलेय," मावशी म्हणाली. "गृहपाठ नसला तर घरी काय घेऊन जाऊ?"

दुकानाच्या मालकांनी सकाळची पाळी बदलून दिली. उतरत्या बाकांच्या वर्गात, पोरांच्या गर्दीत, मावशी पुढून दुसऱ्या ओळीत बसू लागली. पहिल्याच तासाला प्राध्यापिकेने सांगितलं की बहुतेक गणितांचं नेमकं उत्तर कुणालाच काढता येत नाही. आपण जवळ जायला शिकायचं, आणि अजून किती लांब आहोत तेही सांगता आलं पाहिजे. ते ऐकून मावशीला फार बरं वाटलं. गणित म्हणजे एकच उत्तर आणि तेही मागच्या पानावर छापलेलं, अशी तिची समजूत होती.

त्या रविवारी मी गेले तर ताटल्या पुसता पुसता तिने मलाच शिकवायला घेतलं. "दहाचं वर्गमूळ सांग. नाही येत ना? तिनाचा वर्ग नऊ, चाराचा सोळा. म्हणजे ते मधे कुठेतरी आहे. मधोमध काप. साडेतीनचा वर्ग सव्वाबारा, जास्त झाला. म्हणजे ते तीन आणि साडेतीनच्या मधे. पुन्हा काप. असं कापत जायचं, ते जाईल कुठे?"

तिने अशी कापाकापी करून पानभर गृहपाठ केला होता. मोठ्या अभिमानाने तो काकांपुढे ठेवला. काकांनी पान वरून खाली वाचलं आणि त्यांच्या खांद्यांना हादरे बसू लागले. मावशी घाबरली. मग कळलं, ते हसत होते. आजारानंतर पहिल्यांदा. त्यांनी पेन्सिल घेतली, तीन लिहिले, दहाला तिनाने भागलं, दोन्हींची सरासरी काढली. जे आलं त्याच्याशी पुन्हा तेच. दोन ओळींत ते उत्तराच्या इतके जवळ पोचले की मावशी पानभर कापूनही तिथवर पोचली नव्हती.

"हो का!" मावशी म्हणाली. "मग आधी नाही सांगायचं?"

ती न्यूटनची पद्धत होती, वर्गात पुढे यायची होती. ती वर्गात आली तेव्हा मात्र मावशीच्या नाकी नऊ आले. वक्ररेषेला एका बिंदूपाशी स्पर्शरेषा काढायची, ती खालच्या आडव्या अक्षाला जिथे टेकेल तिथून पुढची सुरुवात. मावशीने एका उदाहरणात सुरुवातीचा बिंदू बरोबर वक्ररेषेच्या उंचवट्याच्या माथ्यावर घेतला. काकांनी नाही म्हणून मान हलवली. ती म्हणाली, बाईंनी सांगितलंय, सुरुवात अंदाजानेच करायची असते. काकांनी डाव्या हाताने चित्र काढलं. माथ्यावर स्पर्शरेषा आडवी होते, ती खाली कधी टेकणारच नाही. मावशीला चित्र पटेना. "तुमचा हात थरथरतो म्हणून ती आडवी दिसतेय!" असं ती बोलून गेली. काकांनी टेबलावर मूठ आपटली. "उद्या! उद्या! उद्या!"

"माझ्यावर ओरडायचं काम नाही!" मावशीही कडाडली. "मी दिवसभर उभी असते, वर हे शिकते!"

काका आतल्या खोलीत गेले, धाडकन दार लावलं. मावशी पुन्हा गणिताला बसली, आकडा घातला, आणि भागाकारात खाली शून्य आलं. काकांचं बरोबर होतं. ती तडक आमच्याकडे आली. आईला वाटलं काही बरंवाईट झालं. मावशीचा चेहरा नुसता फुलला होता. "अगं, आज आमचं कडाक्याचं भांडण झालं! पहिल्यासारखं!"

वर्तमानपत्राच्या कडेचं ते लिखाणही तिला एका दिवशी वाचता आलं. वक्ररेषेखालची जागा पट्ट्या पाडून मोजायची ती रीत होती, वर्गात सगळ्यात सोपी म्हणून शिकवतात ती. त्या दिवशी काकांनी तिच्यासाठी मुद्दाम सोपं निवडलं होतं. हे सांगताना मावशी दुसरीकडेच बघत होती.

सहामाही परीक्षेत ती नापास झाली. थोडीथोडकी नाही, चांगली आपटली. पोरं चांगली होती, "काकू, आम्हीपण गेलोय" म्हणून धीर देत होती, पण तिने पर्समध्ये पेपर कोंबला आणि घरी येऊन सांगितलं, "झालं माझं. या वयात ही थेरं नकोत." काकांनी हात पुढे केला. तिने पेपर दिला. ते बराच वेळ वाचत राहिले, मग एका ओळीखाली रेघ मारली, आणखी एका ओळीखाली मारली. मग कोऱ्या कागदावर तिला एक वजाबाकी घालून दिली. दोन मोठाले आकडे, जवळजवळ सारखे, पार शेवटच्या घरांत थोडे वेगळे. मावशीने सवयीप्रमाणे दोन्ही आकड्यांची शेपटं आधीच छाटली आणि वजाबाकी केली. उत्तर शून्य. काकांनी शेपटं न छाटता तीच वजाबाकी करून दाखवली. उत्तर शून्य नव्हतं. तिचे निम्मे मार्क तिथेच गेले होते. आकडे नीटनेटके दिसावेत म्हणून ती सुरुवातीलाच छाटायची, आणि नेमकं हवं ते त्या छाटलेल्यात जायचं.

तिने तीच वजाबाकी स्वतःच्या हाताने पुन्हा करून पाहिली. मग म्हणाली, "अहो, इतकी वर्षं तुम्ही रोज हे असलं काहीतरी करून घरी येत होता. मला कधी एका शब्दाने सांगितलं का नाहीत?"

काकांनी तोंड उघडलं. शब्द शोधला. शोधत राहिले. आणि म्हणाले, "उद्या."

मग मावशी हसायला लागली, काका हसायला लागले, आणि हसता हसता दोघांच्याही डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. मावशी म्हणते, इतक्या वर्षांत त्यांनी तिला दिलेलं सगळ्यात प्रामाणिक उत्तर ते.

तिने कोर्स सोडला नाही. कॉम्प्युटरच्या प्रयोगशाळेत तिचा प्रोग्राम गोल गोल फिरत राहायचा आणि थांबायचाच नाही. ते काकांना जमण्यासारखं नव्हतं, तिथे शेजारच्या बाकावरची मुलगी उपयोगी पडली. तिच्या सर्दी-खोकल्याचं मावशीने बघायचं, मावशीच्या प्रोग्रामचं तिने, असा त्यांचा करार होता. वार्षिक परीक्षेत मावशी पास झाली. वरच्या नंबरात वगैरे नाही, उंबऱ्यावर पाय लागला इतपत. दुकानातल्या सहकाऱ्याने विचारलं, "याचा उपयोग काय करणार?" ती म्हणाली, "घरी बोलायला लागतं."

काकांचे शब्द परत आले का? थोडे आले. थेरपिस्टने कार्डं बाजूला ठेवली आणि आकडे मोठ्याने वाचायला दिले. त्या वाटेने आधी आकडे आले, त्यांच्या मागोमाग "बरोबर" आणि "चूक", मग मावशीचं नाव. पूर्ण वाक्य मात्र अजून येत नाही, आणि येईल असं डॉक्टरही म्हणत नाहीत.

मावशीने प्राध्यापिकेला गृहपाठांची सगळी हकिगत सांगितली होती. नवीन वर्ष सुरू झालं तेव्हा प्राध्यापिका घरी आली, पोरांच्या गृहपाठांचा गठ्ठा घेऊन. "सर, माझी एकटीची धांदल होते. बघाल?" काकांनी गठ्ठा ओढून घेतला. त्यांच्या तपासण्यात वाक्यं नसायचीच. बाण, रेघा, एखादं उलटं उदाहरण, आणि फारच घोळ असेल तिथे एक छोटा रडका चेहरा. पोरांना ते इतकं आवडलं की ती म्हणू लागली, सरांनाच भेटायचंय.

काका जायला तयार होईनात. मावशीने आग्रह केला नाही. गठ्ठे येत राहिले, जात राहिले, आणि एका सकाळी काका आपणहून बूट घालून दाराशी उभे राहिले.

तिने त्यांना विद्यापीठाच्या व्हरांड्यातल्या लांब बाकापर्यंत नेलं. आजारपणापासून ती घरात जिकडे जाईल तिकडे काकांची नजर तिच्या मागे फिरायची, ती दुकानात निघाली की दार बंद होईपर्यंत. म्हणून ती घुटमळत होती. तेवढ्यात एक मुलगी कागद घेऊन आली आणि सरळ काकांच्या शेजारी बसली. "सर, हे माझं उत्तर दर वेळी लांबच का जातं?" काकांनी तिच्या हातातून पेन्सिल घेतली.

"मी दुकानात जाऊन येते हं," मावशी म्हणाली. "संध्याकाळी न्यायला येईन. चालेल ना?"

काका कागदावर वाकले होते. मान वर न करता त्यांनी फक्त डावा हात हलवला, जा जा म्हणून. मावशी जिन्यावरून खाली उतरली, रस्त्यावर आली आणि बसची वाट न बघता दुकानापर्यंत चालत गेली.