फरशीवर आडव्या झालेल्या मॅडम

आमच्या कंधारच्या शाळेत मुलांच्या समुपदेशनाचं काम विज्ञानाच्या मॅडमकडे आहे. पोरं रडत येतात, पण मॅडम उपदेश करत नाहीत. शेंगा फोडत बसतात, अर्ध्या पोरापुढे सरकवतात आणि मधूनमधून "हाव का?", म्हणजे "असं का?", एवढंच म्हणतात. यांना नीट ऐकू येत नसावं, असं मला आधी वाटायचं.

गेल्या वर्षी नववीतली एक मुलगी परिपाठात फिट येऊन पडली. कुणी तिला चप्पल हुंगवली, कुणी हसलं. तिनं शाळाच सोडली. मॅडम तिच्या घरी गेल्या, सोबत तिचा वर्गशिक्षक म्हणून मीही होतो.

"सगळ्यांनी बघितलं, मॅडम. मी न्हाई येणार," ती दाराआडून म्हणाली.

"हाव का?" म्हणून मॅडमनी पिशवीतल्या शेंगा काढल्या, अर्ध्या दाराआड सरकवल्या. मग म्हणाल्या, "बघितलं, पण काय करावं ते कुणालाच कळलं न्हाई. ते शिकवायचं माझ्याकडून राहिलं, बेटा. तू ये, मी शिकवते."

ती आली. कडक इस्त्रीच्या साडीत मॅडम वर्गातल्या फरशीवर आडव्या झाल्या आणि मुलींकडून स्वतःला कुशीवर वळवून घेतलं. पोरी हसून बेजार झाल्या. तीही हसली.

दिवाळीनंतर तिला वर्गातच पुन्हा फिट आली. मी धावत मॅडमना घेऊन आलो, तर मुलींनी तिला कुशीवर वळवलं होतं आणि डोक्याखाली ओढणीची घडी सारली होती. एकजण कानाशी पुटपुटत होती, "आम्ही इथंच हाय गं."

मी आत शिरणार, तेवढ्यात मॅडमनी मला दारातच थांबवलं.

"राहू द्या, सर," त्या हळूच म्हणाल्या. "त्या बघून राहिल्यात तिला."