केसभर मोठी गोळी

शेवटची भेट झाली त्या सकाळी अबुधाबीवर दाट धुकं उतरलं होतं. हॉस्पिटलच्या खिडकीतून समोरची इमारतसुद्धा दिसत नव्हती. भावोजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, उशीला टेकून त्या पांढऱ्या धुक्याकडे बघत पडले होते. मला वाटलं डोळा लागलाय, तर हळूच म्हणाले, "जास्त मोठी झाली असेल का गं?" ते बोलत होते शिशाच्या एका गोळीबद्दल. जुन्या धाटणीच्या रिव्हॉल्व्हरसाठी गोळ्या ओतायचा साचा त्यांनी बनवला होता. त्यातली गोळी नीट बसते का, हे त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं, आणि डॉक्टर त्यांना घरी सोडत नव्हते. "बरे व्हा, मग यल्ला, चला, सगळेच जाऊ बघायला," मी म्हटलं. त्याच आठवड्यात ताईचा फोन आला... त्यांचं थकलेलं हृदय थांबलं होतं.

भावोजींनी उमेदीची सगळी वर्षं मुसफ्फा या कारखान्यांच्या भागातल्या एका मशिन शॉपमध्ये घालवली. तेलाच्या व्हॉल्व्हचे सुटे भाग ते करायचे. ते भाग खोक्यात बंद होऊन समुद्रातल्या तेलविहिरींकडे जायचे आणि तिथं जायचा पास भावोजींना कधी मिळाला नाही. एकदा कॉर्निशवर, समुद्राकाठच्या रस्त्यानं चालताना म्हणाले, "मी केलेली एकही वस्तू मी काम करताना पाहिलेली नाही." मी मेहुणीच्या हक्कानं चेष्टा केली, "ताईचा संसार चालतोय की!" ते हसले, पण पाण्याकडेच बघत राहिले. मला वाईट वाटलं.

म्हणून मोहम्मद बिन झायद सिटीतले त्यांचे घरमालक अबू सईद साचा मागायला आले, तेव्हा भावोजी लहान मुलासारखे खूश झाले. अबू सईदना बंदुकीच्या काळ्या दारूवर चालणाऱ्या जुन्या रिव्हॉल्व्हरचा भारी शौक. त्यात तयार काडतूस नसतं. फिरत्या चक्रीच्या एकेका घरात आधी दारू भरायची, मग वर गोल गोळी ठेवून नळीखालच्या दांडीनं ती आत दाबायची. त्यांचा साचा झिजला होता. "मोहंदिस, तुम बनाओ ना," ते म्हणाले. मोहंदिस म्हणजे इंजिनिअर. ते भावोजींना याच नावानं हाक मारायचे.

आणि इथं भावोजी फसले. त्यांनी चक्रीतल्या घराचं तोंड मोजलं आणि नेमक्या तेवढ्याच मापाचा साचा केला. त्यांच्या धंद्यात सुटा भाग हातानं अलगद आत सरकला की काम फत्ते, जोर लावावा लागला की माल बाद. त्यात शिसं थंड होताना आणखी जरा आकसलं. नेमबाजीच्या क्लबमध्ये अबू सईदनी रिकाम्या चक्रीत एक गोळी ठेवून बघितली आणि चक्रीचं तोंड खाली केलं, तर गोळी टपकन वाळूत! "मोहंदिस, गोली को घर पसंद नहीं आया," म्हणून ते खो खो हसले. मग त्यांनी समजावलं. गोळी तोंडापेक्षा केसभर मोठीच हवी. दाबताना कडेचं शिसं सोललं जाऊन बारीक कडं निघतं. ते निघालं तर समजायचं, गोळी घट्ट बसली, आता धक्क्यानं पुढे सरकणार नाही. फारच मोठी असली, तर मात्र दांडी खाली जाता जात नाही.

केसभर म्हणजे किती, यानं भावोजींची झोप उडाली. चक्रीतली सगळी घरं सारखी नव्हती, म्हणून त्यांनी प्रत्येक घर मोजलं आणि सर्वांत रुंद घर धरून माप ठरवलं. तरी मुद्दाम मोठं करायला त्यांचा हात धजेना. "हे आमच्या शॉपमध्ये केलं असतं, तर घरी बसवलं असतं मला," म्हणायचे. शेवटी एकदाचा दुसरा साचा झाला, तो अबू सईदच्या हाती गेला आणि भावोजी हॉस्पिटलमध्ये.

गेल्या आठवड्यात अबू सईद ताईला भेटायला आले. म्हणाले, "गोली तैयार है, मगर मैंने चलाया नहीं. उसके बगैर कैसे चलाऊँ?" बंदुकीच्या नावानंही कपाळाला आठ्या घालणारी माझी बहीण म्हणाली, "मैं आती हूँ."

आम्ही क्लबच्या मैदानावर पोचलो तेव्हा दुपार कलली होती. वारा अजिबात नव्हता, लांबवर वाळू आणि आभाळ एकमेकांत मिसळून गेलं होतं. अबू सईदनी दारू भरली, गोळी तोंडावर ठेवली आणि दांडी ताईच्या हाताखाली दिली. ताईनं दाबलं. दांडी अडली... ताईनं ओठ घट्ट मिटले, पुन्हा जोर लावला. गोळी आत गेली आणि दोऱ्याएवढं बारीक कडं वाळूत पडलं. बाकीची घरंही तशीच भरली. मग आम्ही मागे झालो आणि अबू सईदनी बार काढला. पांढरा धूर जागच्या जागी तरंगत राहिला. ताई तो पूर्ण विरेपर्यंत बघत होती.

घरी आल्यावर ती सरळ बाल्कनीत भावोजींच्या टेबलापाशी गेली. मोजमापाची हत्यारं अजून तशीच मांडलेली आहेत. रुमालात बांधून आणलेलं कडं तिनं हत्यारांशेजारी ठेवलं, भावोजींच्या खुर्चीत बसली आणि म्हणाली, "इतकी वर्षं रोज डबा भरून दिला गं ह्यांना. ह्यांचं काम मात्र आज पाहिलं."